सायकल डांबराच्या कडेने चालवावी की हातभर आतून?

गोदाकाठ
आमच्या माजलगाव भागातील एका शाळेच्या पालकसभेत नुकतेच असे सांगण्यात आले की, उसाचा हंगाम सुरू झाल्यामुळे सायकलने येणाऱ्या मुलींनी डांबराच्या अगदी कडेने, शक्य तर डांबर सोडूनच यावे. त्यामागची काळजी मला शिक्षक म्हणून पूर्ण समजते, परंतु हा सल्ला दुपदरी रस्त्यावर धोका वाढवणारा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अशा रस्त्याची एक मार्गिका सुमारे ३.५ मीटरची असते, ट्रक २.६ मीटरपर्यंत रुंद असतो आणि सायकलचे हँडल साधारण ६० सेंटिमीटर जागा घेते. म्हणजे सायकल कितीही कडेला असली तरी त्याच मार्गिकेतून ट्रक पुढे जाताना दोघांमध्ये जेमतेम ३० सेंटिमीटर उरतात. तरीही कडेला चिकटलेली सायकल पाहून मागच्या चालकाला वाटते की गाडी बसेल, आणि तो तसाच रेटतो. सायकल हात-दीड हात आत असेल तर त्याला निर्णय घ्यावाच लागतो: पलीकडची बाजू मोकळी असेल तर सरकून जायचे, नसेल तर मागे थांबायचे.

त्यात आपली काळी जमीन. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. वरच्या डांबराची कड आधार सुटून तुटते आणि साइडपट्टी चार बोटांपासून वीतभर खाली जाते. पुढचे चाक या पायरीवरून घसरले की मूल घाबरून लगेच हँडल उजवीकडे वळवते. चाक पायरीला घासत राहते, वर चढत नाही, आणि मूल पडते ते नेमके डांबरावर, मागून येणाऱ्या वाहनाच्या वाटेत.

बालाघाट
सर, आपला हिशेब बरोबर आहे, पण मागच्या चालकाला सायकल दिसते, असे त्यात गृहीत धरलेले आहे. मी हंगामात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर चालवतो. दिवेलागणीला समोरच्या गाडीच्या प्रकाशाने डोळे दिपले की पुढे कोण आहे, हे फार उशिरा कळते. भरलेल्या ट्रॉल्या मागून रेटत असतात, त्यामुळे ब्रेक दाबला तरी ट्रॅक्टर जागेवर थांबत नाही आणि स्टिअरिंग एकदम वळवले तर मागची ट्रॉली झोला खाते. मुलांची आणखी एक फसगत मी अनेकदा पाहिली आहे: ट्रॅक्टर आणि पहिली ट्रॉली पुढे गेली की वाहन संपले असे समजून ती उजवीकडे सरकतात, आणि दुसरी ट्रॉली तेव्हा कुठे शेजारी येते. आत चालवण्याचा अधिकार असेल. पण माझ्यासमोर तो बजावू नये, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे.

पूर्णेचा_पालक
माझ्या मते दोघांच्याही अडचणीला एकच उत्तर आहे. मुलांनी उजव्या बाजूने, समोरून येणारी वाहने पाहत यावे. पाठीमागून काय येते, हे कोणालाच दिसत नाही. समोरचे वाहन दिसले तर मूल वेळेवर बाजूला होईल.

गोदाकाठ
पायी चालणाऱ्यासाठी ते ठीक आहे, कारण तो एका पावलात बाजूला होतो. सायकलस्वाराला तसे होता येत नाही. सायकल ताशी १५ किलोमीटर आणि वाहन ६० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर मागून येणारे वाहन ४५ च्या वेगाने जवळ येते आणि समोरून येणारे ७५ च्या. पन्नास मीटरचे अंतर मागून सरायला चार सेकंद लागतात, समोरून अडीच सेकंदही नाहीत. शिवाय फाट्यावरून डावीकडे वळून रस्त्याला लागणारा चालक उजवीकडेच पाहत असतो. उलट दिशेने आलेली सायकल त्याच्या डाव्या बाजूने समोर येते, जिकडे तो पाहतच नाही.

बालाघाट दादा, दिवेलागणीबद्दलचा आपला मुद्दा मला मान्य आहे. माझे म्हणणे दिवसाउजेडीच्या शाळेच्या वेळेपुरते आहे. अंधार पडल्यावर मागे लाल दिवा नसलेली सायकल मुख्य रस्त्यावर असूच नये.

वस्तीवरची_आई
आपण सगळे दुपदरी रस्त्याचे बोलत आहात. आमच्या वस्तीचा रस्ता ३.७५ मीटरचा आहे. ट्रक आला की सव्वा मीटरही उरत नाही, मग हातभर आत म्हणजे कुठे? मी मुलीला सांगून ठेवले आहे की, मागे मोठ्या गाडीचा आवाज आला की जिथे कड सपाट आहे तिथे आधीच उतरायचे, सायकल हातात धरून उभे राहायचे आणि शेवटची ट्रॉली गेल्याशिवाय हलायचे नाही. त्यामुळे रोज उशीर होतो, तो होऊ द्यावा.

दिव्याचे म्हणाल तर शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या तिच्या सायकलला मागे रिफ्लेक्टर आहे. पण कॅरिअरला अडकवलेले दप्तर नेमके त्याच्यावर लोंबते. मी आता दप्तर पाठीवर घ्यायला लावले आहे आणि मडगार्डला खाली दुसरा रिफ्लेक्टर बसवून घेतला आहे. शाळांनी निदान एवढे तरी फाटकात उभे राहून तपासावे.

गोदाकाठ
ताई, एकपदरी रस्त्यावर आपण सांगता तेच योग्य आहे. आधीच उतरणे आणि ऐन वेळी खाली घसरणे यांत फार अंतर आहे. सपाट कड मात्र सापडली पाहिजे. दरवर्षी गळीत सुरू होण्याआधी साइडपट्ट्या मुरूम टाकून, दाबून डांबराच्या पातळीला आणाव्यात, असा अर्ज आम्ही काही शिक्षक सार्वजनिक बांधकाम विभागाकडे देत आहोत. आपल्या वस्तीच्या रस्त्यासाठी ग्रामपंचायतीचे पत्र मिळवून द्याल का?

बालाघाट
त्या अर्जावर ऊस वाहतूकदारांच्याही सह्या मी मिळवून देतो, कारण खचलेल्या कडेवरून ट्रॉल्याही उलटतात. पण सर, मुरूम पडला तरी माझे मत बदलणार नाही. भरलेली ट्रॉली मागून येत असेल तर दिवसासुद्धा मुलींनी डांबर सोडावे, आणि मी माझ्या पुतणीला तेच सांगणार आहे.