हेमाए बेटावरचे पफिन: तारीख आणि बोट

भाऊ, जळगावच्या उन्हातून सुटून जूनच्या पहिल्या आठवड्यात आइसलंडच्या हेमाए बेटावर पफिन हे रंगीत चोचीचे समुद्रपक्षी बघायचा बेत छान आहे. पण तारीख पुढे ढकलता आली तर ढकलाच. जूनच्या सुरुवातीला पक्षी अंड्यांवर असतात. चोचीत आडवे मासे धरलेला पफिन हवा असेल, तर पिल्लं वाढत असतात तो जुलै गाठा. ऑगस्टच्या उत्तरार्धात कडे रिकामे होऊ लागतात.

बोट आइसलंडच्या मुख्य भूमीवरच्या लांडेयाहोफन बंदरातून सुटते, पाऊण तासाच्या आत पोचवते. लाटा मोठ्या असल्या की तीच बोट थोरलाउक्सहोफन या लांबच्या बंदरातून जाते आणि पावणेतीन तासांच्या आसपास लागतात. म्हणून परतीचं विमान बेटावरून निघायच्या दिवशीच ठेवू नका. मळमळीची गोळी बोटीत बसण्याआधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही.

पफिन दिवसा बरेचसे समुद्रावर असतात, संध्याकाळी कड्यावर परततात. जूनमध्ये पूर्ण अंधार पडतच नाही, त्यामुळे जेवून निवांत बेटाच्या दक्षिण टोकाला, स्टोरहोफ्दीला जा. तिथला वारा भयंकर. हतनूर धरणावर बदकांसाठी वापरता तो ट्रायपॉड तिथे थरथरतो; तिथल्या पक्षी-निरीक्षणकुटीच्या खिडकीवर लेन्स टेकवा आणि उडत्या पक्ष्याला शटर १/२००० सेकंद ठेवा. छत्री नको, वारा अडवणारं जाकीट हवं.

आणि कृपा करून गवताळ उतारावर पाय ठेवू नका. खाली बिळं असतात, माती खचली की अंडं किंवा पिल्लू गाडलं जातं. फुलमार या समुद्रपक्ष्याच्या घरट्यापासूनही लांब राहा, तो पोटातलं तेल थुंकतो. कपड्यांचा वास धुऊनही जात नाही.