रुबी म्हणे दोन दिवसांत येते!

खानापूरकर: काल इथं कुणीतरी रुबी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेबद्दल लिहिलंय, “रुबी दोन दिवसांत येते. टाइप (माहिती आकडा की मजकूर ते) लिहायची कटकट नाही, म्हणून चुकाही कमी.” पहिल्या वाक्याला हसलो, दुसऱ्यानं डोकं फिरलं. टाइप लिहायचा नाही म्हणजे तो नसतोच होय? स्ट्रिंगमध्ये, म्हणजे मजकुरात, आकडा मिळवून बघ, रुबी टाइपएरर तोंडावर मारते. पण कधी? चालवल्यावर. म्हणजे गिऱ्हाइकासमोर.

टिळकवाडी_रुबीवाला: लिहिणारा मीच. रुबीत पाचसुद्धा ऑब्जेक्ट, म्हणजे काम सांगता येईल अशी वस्तू, आणि निल, म्हणजे ‘काहीच नाही’, तेसुद्धा. पाचालाच ‘टाइम्स’ सांगायचं, ब्लॉक, म्हणजे कोडचा तुकडा, द्यायचा, पाच वेळा चालतो. जावा या दुसऱ्या भाषेत पूर्णांकाला साधा इंट वेगळा, ऑब्जेक्टवाला इंटिजर वेगळा, ही जातपात कशाला? क्लास, म्हणजे वस्तूचा प्रकार, विचारायचा नाही, काम येतं का बघायचं. आमच्या गल्लीत गवंडी असाच ठेवतात.

खानापूरकर: म्हणूनच स्लॅब गळतात. ऐक. बेळगावच्या शहापुरात मामाचं कुंदा या मिठाईचं दुकान, बिलाचा प्रोग्रॅम मी रुबीत करून दिलेला. मामाचा कीबोर्ड मराठी. त्यानं वजन टाकलं ‘५’. मजकुराचा आकडा करणाऱ्या टू-आयला देवनागरी आकडा कळत नाही, आणि एरर न देता ते गपचूप शून्य देतं. ‘वजन आहे का’ ही तपासणी मी घातलेली, पण रुबीत शून्यही खरं! खोटं फक्त निल आणि फॉल्स. पाच किलो कुंदा, बिल शून्य. गिऱ्हाईकच प्रामाणिक निघालं. मामी अजून जेवायला वाढताना काढते.

निपाणीची_सून: टू-आय वापरलंस कशाला? रुबीतच आकडा करायची दुसरी आज्ञा आहे, ‘इंटिजर’ मेथड; तिला दिलं असतंस तर ती एरर देऊन ओरडली असती. चूक तुझी, शिव्या भाषेला.

टिळकवाडी_रुबीवाला: नाहीतर स्ट्रिंग क्लास उघडायचा आणि टू-आयच बदलायचं. चार ओळी.

खानापूरकर: काय सांगालास! मग दुसऱ्याच्या लायब्ररीतलं, म्हणजे त्याच्या तयार कोडातलं, टू-आयही बदलणार, त्याला पत्ता नाही. भाड्याच्या घरातली भिंत पाडल्यासारखं. वैनींचं मात्र बरोबर आहे, दुर्दैवानं.

चिकोडी_बॅकबेंचर: मुद्दा वेगळाच आहे. मराठी आकडा कळत नाही, हाच गुन्हा! १९९५ साली मात्सुमोतो या जपानी माणसानं भाषा बाहेर आणली, तरी इफ, क्लास, एंड सगळं इंग्रजीच. व्हेरिएबलला, म्हणजे किंमत ठेवायच्या नावाला, ‘दर’ चालतं, पण क्लासला ‘गिऱ्हाईक’ म्हणा, बोंब. नाव कॅपिटलनं सुरू व्हायला हवं म्हणे. आपल्या लिपीत कॅपिटल आहे कुठं? इथंही आम्ही उपरेच!

निपाणीची_सून: झालं. कर्नाटकात दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड हवं, हा वाद कमी होता, आता कोडलाही पाटी लावा.

चिकोडी_बॅकबेंचर: तुम्हाला हसायला काय जातंय? माझा पोरगा घरात मराठी, शाळेत कन्नड, कोडात इंग्रजी. तिन्ही अर्धवट.

निपाणीची_सून: माझेही दोन तसेच आहेत, मला सांगू नका. आणि कॅपिटल कन्नडलाही नाही. तिथं तरी दोघं एकाच बाकावर.

चिकोडी_बॅकबेंचर: …ते खरं.

टिळकवाडी_रुबीवाला: मूळ विषय कुणाला आठवतोय का? ‘चुका कमी’ खोडतो. ‘दोन दिवस’ राहणार.

खानापूरकर: राहू दे. पण ‘इंटिजर’ची ओळ घाल. मामीला दाखवायचीय.

निपाणीची_सून: ओळ माझी होती.