कोनशिला नसलेलं जुनं चर्च: साल कसं काढायचं, गिलावा कसा वाचवायचा?

पायथा_अमरावती: अमरावती जिल्ह्यातल्या एका खेड्यातलं कॅथलिक चर्च आहे. काळ्या दगडाच्या जाड भिंती, छपराला सागवानी कैच्या (तिकोनी लाकडी आधार), वर इंग्रजी कवेलू (मंगलोरी कौलं). कोनशिला नाही. बांधकामाचं साल कुठून काढायचं? दुसरं, आतून कमरेपर्यंत सिमेंटचा गिलावा फुगून पडतोय, पांढरा खार फुटलाय. मिस्त्री म्हणतो वॉटरप्रूफ प्लास्टर करून टाइल्स लावू.

जुनी_दप्तरं: बाप्तिस्मा रजिस्टरचं पहिलं पान म्हणजे चर्चचं साल, असं धरू नका. त्यावरून फक्त गाव स्वतंत्र धर्मग्राम (पॅरिश) कधी झालं ते कळतं. त्याआधीच्या नोंदी मूळ मिशन केंद्राच्या रजिस्टरमध्ये, गावाच्या नावानं सापडतील. भाषा बहुधा लॅटिन.

अमरावती धर्मप्रांत (बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश) 1955 चा. त्याआधीचा पत्रव्यवहार नागपूरकडे शोधा. नागपूर धर्मप्रांत 1887 चा, त्यापूर्वी हा मुलूख विशाखापट्टणमला जोडलेला होता. इथले सुरुवातीचे फादर फ्रान्सिस डी सेल्सच्या संघाचे, त्यांचं मूळ फ्रान्समधल्या आन्सीचं. म्हणून फ्रेंच वाचणारा माणूस गाठून ठेवा. (चंद्रपूर-वर्धा-गडचिरोलीकडे 1962 पासून सिरो-मलबार (केरळी परंपरेच्या कॅथलिकांची) व्यवस्था आहे, तिकडच्यांनी चांदा धर्मप्रांतातही विचारावं.)

इमारतीतले पुरावे: कवेलूच्या पोटावर कारखान्याचा छाप असतो, पण कवेलू बदलले जातात, त्यावरून फक्त छपराचा अंदाज येतो. लोखंडी गर्डरवर टाटाचा छाप असेल तर तो 1912 च्या आधीचा नाही. वेदी मागच्या भिंतीला चिकटून असेल तर ती जुन्या पद्धतीची. लोकांकडे तोंड करून मिस्सा (मुख्य उपासना) करण्यासाठी पुढे ओढलेली वेदी बहुधा 1960 च्या दशकानंतरची. म्हणजे एकाच चर्चची तीन-चार सालं निघतील. घंटेवरचा ओतीव मजकूरही वाचा, मात्र घंटा दुसरीकडून आणलेली असू शकते.

चुन्याची_घाणी: टाइल्स अजिबात नको. भिंतीचे दगड चुन्यात बसवलेत, तिला श्वास हवा. वर सिमेंट बसलं की जमिनीतली ओल बाहेर पडायला वाट शोधत वर चढते, आणि खार गिलाव्याच्या मागे साचून त्याला ढकलतो. टाइल्स लावल्या की हाच त्रास छातीपर्यंत येईल.

आधी बाहेर बघा. मुरूम टाकून टाकून अंगण जोत्याच्या वर आलंय का? काळ्या मातीत हे फार होतं. जमीन जोत्याच्या किमान अर्धा फूट खाली आणा, उतार भिंतीपासून बाहेर ठेवा, पन्हाळीचं पाणी दूर सोडा. भिंतीलगत काँक्रीटचा पट्टा मुळीच नको, गिट्टी भरलेली उथळ चर पुरते. पाया उघडा पडेल इतकं खणू नका.

मग सिमेंट काढा, हातोडी-छिन्नीनं, ब्रेकर नको. खार कोरड्या ब्रशनं झाडा, पाण्यानं धुतला तर तो परत भिंतीत जातो. भिंत पूर्ण सुकू द्या, जाडीनुसार यात महिने जातील. गिलावा: निदान महिनाभर भिजवलेला चुना 1 भाग, गाळलेली रेती 3 भाग. एक थर 10 ते 12 मिलिमीटरचाच, दोन थर द्या.

पायथा_अमरावती: मे महिन्यात काम धरलं तर? आणि वरून डिस्टेंपर चालेल?

चुन्याची_घाणी: मेमध्ये गिलावा तासाभरात भाजून सुटतो. सिमेंट आत्ता काढा, गिलावा दिवाळीनंतर. तेव्हाही ओलं बारदान लावून आठवडाभर राखा. डिस्टेंपर नको, चुन्याची सफेदीच द्या, पातळ तीन हात.