‘संरक्षणाची जबाबदारी’ : सगळ्यांनी मान्य केल्यावर वाद कशाचा?

मेघना_सातारा : एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००५च्या जागतिक शिखर परिषदेच्या दस्तऐवजातले परिच्छेद १३८-१३९ वाचतेय. ‘संरक्षणाची जबाबदारी’ हे तत्त्व त्यांत आहे. वंशसंहार, युद्धगुन्हे यांपासून लोकांना वाचवणं ही त्या त्या सरकारची जबाबदारी. सरकार उघडउघड अपयशी ठरलं, तर सुरक्षा परिषदेमार्फत जगानं पुढं यायचं. हे सर्वसंमतीनं मंजूर झालं. मग २०११ला लिबियावरून एवढं का बिनसलं? वर्गात ‘तत्त्वच संपलं’ असं सांगितलं, पण मला ते पटेना.

वाळव्याचा_फिटर : मेघनाताई, मी तेव्हा लिबियातल्या बेनगाझी शहरात कामाला होतो. फेब्रुवारीत आपल्या सरकारनं आम्हाला बोटीनं इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाला काढलं. माझ्याबरोबर काम करणारी लिबियन पोरं मात्र तिथंच राहिली. १७ मार्चला सुरक्षा परिषदेचा ठराव क्रमांक १९७३ झाला, तेव्हा मी घरी टीव्हीसमोर रडलो. लिबियाचा हुकूमशहा गद्दाफी, त्याचं सैन्य उठाव चिरडायला बेनगाझीकडे निघालं होतं हो.

तेव्हापासून हा ठराव किती वेळा वाचला असेल! नागरिकांच्या रक्षणासाठी ‘सर्व आवश्यक उपाय’, पण परकीय सैन्याचा कब्जा नको. बाजूनं १० मतं, विरोधात एकही नाही, भारतासह ५ तटस्थ. मग हवाई हल्ले सुरू झाले. एप्रिलमध्ये ते करणाऱ्या अमेरिका, ब्रिटन, फ्रान्सच्या तेव्हाच्या प्रमुखांनी, म्हणजे ओबामा, कॅमेरॉन, सार्कोझींनी मिळून लेख लिहिला : गद्दाफी सत्तेवर असेल तर लिबियाला भविष्य नाही. बिनसलं ते इथं. त्यांचं म्हणणं, मारणारा खुर्चीत असेपर्यंत लोक सुरक्षित कसे? रशिया, चीन म्हणाले, परवानगी रक्षणाची होती, सत्तापालटाची नव्हे. नोव्हेंबरात ब्राझीलनं टिपण मांडलं : बळ शेवटी वापरा, आणि वापरताना परिषदेला हिशेब द्या. बघा, ब्राझीलनं तत्त्व नाकारलं नाही, त्याला अटी जोडल्या.

निशिगंध : दादा, पण ४ ऑक्टोबर २०११ला सीरियात सरकार आंदोलकांवर करत असलेल्या दडपशाहीविरुद्धच्या ठरावावर रशिया-चीननं नकाराधिकार वापरला. तिथल्या माणसासाठी तत्त्व संपलंच ना?

वाळव्याचा_फिटर : त्याच्यासाठी संपलं, हे मी नाकारणार नाही. पण त्याच वर्षी जुलैत दक्षिण सुदानबद्दलच्या ठराव क्रमांक १९९६मध्ये, नागरिकांचं रक्षण ही तिथल्या सरकारची जबाबदारी, हे परिषदेनं एकमतानं लिहिलं. म्हणजे परिच्छेद १३८वर, सरकारच्या जबाबदारीवर, फारसं कुणी भांडत नाही. भांडण १३९च्या उत्तरार्धावर, जगानं पुढं येण्यावर आहे : सरकार अपयशी ठरलं हे ठरवायचं कुणी, आणि थांबायचं कुठं. मेघनाताई, ते दोन परिच्छेद वेगवेगळे ठेवून वाचा.

मेघना_सातारा : आज रात्रीच वाचते. काका, तुमच्या बरोबरची पोरं भेटली का पुढं?

वाळव्याचा_फिटर : एकाचा फोन आला होता, मे महिन्यात. बाकीच्यांचं कळलं नाही.