मदत हवी आहे: आईचा सव्वा वर्षाचा कोरडा खोकला

आई ६७ वर्षांची, पुण्यात असते. खोकला पूर्ण कोरडा. फोडणीत मिरची पडली, उदबत्ती लावली, फोनवर जरा जास्त बोलणं झालं की घशात काहीतरी सरपटल्यासारखं होतं आणि उबळ येते. परवा भाकरी थापता थापता इतकी उबळ आली की परात धरून खालीच बसली.

एक्स-रे, सीटी स्कॅन, स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुफ्फुसांची तपासणी) सगळं नॉर्मल. दम्याचा इनहेलर तीन महिने नियमित घेतला, पित्ताच्या गोळ्या दोन महिने, फरक शून्य. बीपीसाठी ॲम्लोडिपिन आहे, रामिप्रिलसारखी खोकला आणणारी गोळी नाही. तंबाखू, चूल, पाळीव प्राणी काही नाही. मध-हळद-ज्येष्ठमध करून झालंय, कृपया ते सुचवू नका.

आता छातीचे डॉक्टर म्हणतात, श्वासनलिकेतल्या व्हेगस नर्व्हच्या (मेंदूपासून घसा-छातीपर्यंत येणारी नस) संवेदी टोकांची संवेदनशीलता वाढली आहे. दम्यात नळी आवळते, इथे नळी मोकळी आहे पण नस साध्या वासालाही धोका समजते. मला हे पटलं. त्यांनी गॅबापेंटिन हे नसांवरचं औषध कमी डोसवर सुचवलंय. या नसांवरच्या पी२एक्स३ रिसेप्टरला (खोकल्याचा इशारा पकडणारा भाग) रोखणारं गेफापिक्संट हे औषध जपानमध्ये २०२२ मध्ये मंजूर झालं, पण ते आम्हाला सहज मिळण्यातलं नाही.

गॅबापेंटिनने गुंगी येते आणि आई रात्री दोनदा उठते, पडण्याची मला फार भीती वाटते. म्हणून आधी खोकला दाबण्याची स्पीच थेरपी करून बघायची आहे. पुण्यात किंवा ऑनलाइन, मराठीतून हे शिकवणारे थेरपिस्ट कुणाला माहीत आहेत का? आणि ज्यांच्या घरी केली, त्यांना फरक किती आठवड्यांनी दिसला?