लेन्स्टरचा कप म्हणे शोभेचा!

ड्रॉहेडाकर: परवा इथे कोणीतरी ठोकून दिलं की आमच्या लाउथ काउंटीचा २०२५ चा लेन्स्टर कप (गेलिक फुटबॉलचा, लेन्स्टर प्रांताचा) नुसता शोभेचा, कारण फायनल हरलेली शेजारची काउंटी मीथ पुढे ऑल-आयर्लंड, म्हणजे अख्ख्या आयर्लंडच्या स्पर्धेच्या सेमीला गेली आणि लाउथ क्वार्टरलाही पोचलं नाही. डोकं फिरलं वाचून. १९५७ नंतर पहिला कप आहे हो, ६८ वर्षं! फायनलच्या दिवशी शेजारचे आजोबा ५७ सालची लाल टोपी घालून दारात उभे होते, शिट्टी वाजली तशी टोपी काढून छातीशी धरली, बोलताच येईना त्यांना. हा शोभेचा?

नॅव्हनवाली: आजोबांबद्दल आदर आहे, पण १४ वर्षं सलग लेन्स्टर जिंकणाऱ्या डब्लिनला लेन्स्टरच्या सेमीत बाहेर काढलं कोणी? मीथने. पुढे ऑल-आयर्लंड जिंकलेल्या केरीला गटात हरवलं, गॉलवेलाही घरी पाठवलं. भट्टी आम्ही पेटवली, भाकरी तुम्ही खाल्लीत.

ड्रॉहेडाकर: ऑल-आयर्लंड सेमीत डोनेगलने तुम्हाला २० पॉइंटनी धुतलं ते सोयीस्कर विसरलात. आणि भाकरीचं म्हणाल तर २०१० ला आमच्या ताटातली कोणी उचलली? इंज्युरी टाइममध्ये आम्ही एका पॉइंटने पुढे, तुमचा माणूस चेंडू हातात घेऊन गोलरेषेपार पडला, जे नियमात बसतच नाही, आणि रेफ्रीने गोल दिला! मी स्टँडमध्ये होतो, आयर्लंडमध्ये येऊन वर्ष झालं नव्हतं, नियम अर्धवटच कळायचे, तरी मला दिसलं.

डंडॉकचा_पाहुणा: २०१० आलं की हा धागा संपला. रेफ्रीने नंतर चूक मान्य केली, पण रिप्लेचा, म्हणजे सामना पुन्हा खेळवायचा, आदेश द्यायचा अधिकार जीएएला (हा खेळ चालवणाऱ्या संघटनेला) नियमातच नव्हता. मूळ मुद्द्यावर या की.

ड्रॉहेडाकर: जीएएला नव्हता, मीथला होता ना! स्वतःहून रिप्ले देऊ शकले असते, नाही दिला. हाच माझा मूळ मुद्दा.

नॅव्हनवाली: त्या दिवशी मैदानात घुसून रेफ्रीला धक्काबुक्की करणारे कुठल्या जर्सीत होते ते पण सांगा. माझा मुलगा इथे अंडर-१२ खेळतो, २०१० च्या गोलावरून त्याला "चोर" ऐकावं लागतं. जन्मला पण नव्हता तो!! या खेळात कोणाला पगार नाही, पोरं नोकरी करून रात्री चिखलात प्रॅक्टिस करतात, आणि तुम्ही त्यांना चोर म्हणता.

ड्रॉहेडाकर: पोराला कोणी बोललं असेल तर चूकच, मी असतो तर तिथेच झापलं असतं. रेफ्रीला हात लावला तेही वाईटच. पण कप?

डंडॉकचा_पाहुणा: लाउथ ३-१४, मीथ १-१८ (आधी गोल, मग पॉइंट; एक गोल तीन पॉइंटचा), म्हणजे २३ विरुद्ध २१. लांबून मारलेल्या फटक्याला दोन पॉइंट देणारा २०२५ चा नवा नियम लागला म्हणून लाउथ जिंकलं असं कालपासून चाललंय, पण तीन गोल मारलेत त्यांनी, गोल पूर्वीपासून तीनचाच आहे.

नॅव्हनवाली: बरं. कप खरा. २०१० ला रिप्ले द्यायला हवा होता, हेही एकदाच म्हणते, परत विचारू नका. पण डब्लिनला आम्ही काढलं, ते लिहा.

ड्रॉहेडाकर: लिहिलं. डब्लिनला मीथने काढलं.