'समशीतोष्ण वर्षावन' म्हणजे नेमकं कसलं जंगल?

प्रश्न (कुरखेडा, जि. गडचिरोली)
आठवीच्या वर्गाला हा भाग शिकवायचा आहे. कुठे 'वर्षावन' छापलंय, कुठे 'पर्जन्यवन'. एका मुलीनं विचारलं, "आपल्याकडं बी पाऊस पडते, मंग आपलं जंगल वर्षावन काहून नाही?" तिला काय सांगावं?

उत्तर (ब्रह्मपुरी)
सर, दोन्ही शब्द एकाच अर्थाचे. कोणताही एक धरा आणि तोच ठेवा. मुलीचा प्रश्न मात्र फार चांगला आहे. गडचिरोलीत वर्षाला साधारण दीड हजार मिलिमीटर पाऊस होतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. नंतर जमीन वाळते आणि साग पानं गाळून उभा राहतो. आपलं हे पानगळीचं जंगल.

अलास्का ते उत्तर कॅलिफोर्निया हा किनारा, दक्षिण चिली, न्यूझीलंड, टास्मानिया, स्कॉटलंडचा पश्चिम भाग इथली गोष्ट वेगळी. समुद्रावरची ओली हवा डोंगराला अडते आणि शरदापासून वसंतापर्यंत पाऊस हटत नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या होह खोऱ्यात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. कॅलिफोर्नियातल्या रेडवूड या उंच झाडांच्या पट्ट्यात तर कोरड्या उन्हाळ्यात धुकं पानांवर अडकून थेंबाथेंबानं मुळांशी गळतं. आपल्याकडे याला जवळचा शब्द आहे 'झड'. वर्गात 'थंड झडीचं जंगल' म्हणा, उत्तरपत्रिकेत समशीतोष्ण वर्षावन लिहू द्या.

उत्तर (मेळघाट)
झड शब्द आवडला. 'नर्स लॉग', म्हणजे ज्यावर नवी रोपं वाढतात ते पडलेलं खोड, त्यासाठीही शब्द हवा. आपल्या रानात पडलेलं खोड उधळी खाते, नाहीतर वणव्यात जातं. तिथे गारव्यात आणि ओलीत मोठं खोड कुजायला कित्येक दशकं, कधी शतकं लागतात. खाली शेवाळ आणि नेच्यांची इतकी दाटी की हेमलॉक, स्प्रूस या झाडांचं बी जमिनीवर तग धरत नाही. ते पडलेल्या खोडावर रुजतं. रोपाची मुळं खोडाच्या दोन्ही बाजूंनी मातीत उतरतात. पुढे खोड संपतं आणि झाडं एका रांगेत, मुळांच्या पायांवर उभी दिसतात, खाली पोकळी. मी 'पोशिंदं खोड' म्हणतो. पडलेलं लाकूड 'साफ' केलं की पुढची पिढीच जाते, हे मुलांना यातून लगेच कळतं.

प्रश्नकर्ता
फार उपयोगी. धोक्यांसाठी 'जंगलतोड' पुरेल का?

उत्तर (ब्रह्मपुरी)
अर्धाच अर्थ येतो. कूप (तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा) पूर्ण कापून तिथे एकाच जातीची लागवड केली की नकाशावर हिरवं दिसतं, पण जुनी खोडं आणि फांद्यांवर वाढणारी शेवाळं, दगडफुलं गेलेली असतात. म्हणून 'जुन्या जंगलाची तोड' म्हणा. कॅनडातल्या क्लेयोक्वॉट साउंडला 1993 साली या तोडीविरुद्ध रस्ता अडवताना आठशेहून अधिक लोकांना अटक झाली. पुढे 2016 च्या करारानं कॅनडातल्याच ग्रेट बेअर जंगलाचा 85 टक्के भाग व्यापारी तोडीपासून राखला गेला.

कुऱ्हाड न लागताही नुकसान होतं. स्कॉटलंड, आयर्लंडात बाहेरून आणलेलं रोडोडेंड्रॉन पाँटिकम हे झुडूप आपल्या रायमुनियासारखं (घाणेरीसारखं) दाटतं आणि सावलीत नवीन रोप उगवूच देत नाही. अलास्कात तापमानवाढीनं बर्फाचा थर कमी झाला. त्या पांघरुणाविना यलो सीडारची वरवर पसरलेली मुळं वसंतातल्या गारठ्यात गोठून मरतात. हवा तापल्यामुळे झाड थंडीनं मरतं, हे वर्गात सावकाश समजावून सांगा.

प्रश्नकर्ता
यलो सीडारला 'पिवळा देवदार' लिहू का?

उत्तर (मेळघाट)
नको. देवदार पाइनच्या कुळातला. यलो सीडार सायप्रसच्या कुळातलं, म्हणजे शाळेच्या आवारात असते त्या मोरपंखीचं नातेवाईक. नाव 'यलो सीडार'च ठेवा आणि मुलांना मोरपंखीची फांदी हातात द्या. तिची खवल्यांसारखी पानं पाहिली की ते झाड कसं असेल, याची कल्पना येईल.